खूण ओळखणारे यंत्र आणि आपली दृष्टी



नोट हाती आली की ती उजेडाकडे धरून पाहावी, हे नाशिककरांना शिकवावे लागत नाही. नाशिक रोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. नोट येथे छापली जाते. पण तिच्या कोऱ्या भागात दिसणारे गांधीजींचे जलचिन्ह छापलेले नसते. कागद तयार होतानाच त्याची जाडी कमी-जास्त करून ते उमटवितात.

संगणकातील चित्राला कागद नाही. तेथे प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत मांडलेला असतो. त्यावरील जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क, दोन प्रकारचे असते. एक उघड : फोटोवर फिकट अक्षरांत घातलेले स्टुडिओचे नाव. दुसरे गुप्त : काही ठिपक्यांचे २०० चे २०१ केले तर डोळ्यांना कळत नाही, यंत्राला मात्र वाचता येते.

एकावर एक उमटलेले ठसे वेगळे वाचण्याची विद्या आपल्या परिसराला नवी नाही. त्रिरश्मी लेण्यांत नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे आणि गौतमीपुत्र सातकर्णीच्या मातेचाही. १९०६ साली जवळच्या जोगलटेंभीस नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. अभ्यासकांनी वरचा ठसाही वाचला आणि खालचाही.

यंत्रालाही हेच शिकवितात. एकच चित्र खुणेसह आणि खुणेशिवाय, अशी हजारो चित्रे त्याला दाखवितात. प्रत्येक चुकीनंतर त्याचे आतले आकडे थोडे बदलले जातात. शेवटी त्याने कधीही न पाहिलेली चित्रे देऊन परीक्षा घेतात. शिकविताना सर्व खुणा उजव्या कोपऱ्यात असतील, तर यंत्र खूण शिकण्याऐवजी कोपराच शिकते. मिरवणुकीच्या फोटोत फलकावर ‘जय भीम’ लिहिलेले असेल, तर त्यालाच वॉटरमार्क समजण्याची चूकही ते करील. विद्यार्थ्याप्रमाणेच यंत्रही जसे शिकवावे तसे घडते.

ही विद्या दुधारी आहे. एकच खूण शेकडो चित्रांवर असेल तर यंत्र ती शोधून पुसूही शकते, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने यंत्रनिर्मित चित्रांत गुप्त खूण घालणारी ‘सिंथआयडी’ ही पद्धत आणली. पण तिचे शोधयंत्र तीच खूण ओळखते. ती खूण नसलेल्या चित्राविषयी ते काही सांगू शकत नाही. म्हणून ‘खूण सापडली नाही’ याचा अर्थ ‘चित्र खरे आहे’ असा होत नाही.

हे आम्ही आपणांस का सांगतो? बाबासाहेबांची यंत्राने बनविलेली चित्रे आज मोबाइलवर फिरतात. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे म्हणून उद्या असेच एखादे चित्र आले, आणि श्रद्धेपोटी आपण ते स्मरणिकेत छापले, तर? ते खोटे ठरताच खऱ्या सत्याग्रहावरही शंका घ्यायला लोक मोकळे होतील. आपला इतिहास लिहून ठेवणारे हात आधीच थोडे होते. त्यांच्या कष्टांवर आपण आपल्याच हाताने पाणी ओतू नये.

केवळ ऐकले म्हणून किंवा परंपरेने आले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मोबाइलवर आले म्हणूनही मानू नये.

आमची विनंती एवढीच. घरातील जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने साल, गाव आणि माणसांची नावे लिहा. फोटोवरील स्टुडिओचे नाव कापू नका. तीही साक्ष आहे. आणि विद्यार्थ्यांनो, अशी यंत्रे नुसती वापरू नका, ती घडविण्याची विद्या मिळवा. खुणा यंत्र शोधील. खऱ्याखोट्याचा निर्णय मात्र आपल्यालाच करावयाचा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!