मुक्त ज्ञानसाधने आणि महाविद्यालयीन विद्यार्थी
(भाषणाची संहिता)



आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने समाजाला परिचित आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाचा एक थोर दाखला कर्नाटकाच्या इतिहासात आढळतो. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात दानचिंतामणी अत्तिमब्बे यांनी महाकवी पोन्न यांच्या ‘शांतिपुराण’ या ग्रंथाच्या एक हजार प्रती स्वखर्चाने करवून घेतल्या व वाटल्या. एकेक अक्षर हाताने लिहावे लागे, त्या काळातील ही गोष्ट आहे. आज प्रत काढणे अत्यंत सोपे झाले आहे. अडचण उरली आहे ती निराळीच. विद्यार्थ्याला उमजेल असे त्याच्या भाषेतील साहित्य पुरेसे नाही, आणि जे आहे त्यातील बहुतेकाची प्रत काढण्यास कायद्याने मज्जाव आहे.

या अडचणीवर जगाने शोधलेला उपाय म्हणजे मुक्त शैक्षणिक साधने. युनेस्कोच्या 2002 मधील पॅरिस येथील बैठकीत ही संज्ञा रूढ झाली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये युनेस्कोने याविषयी सदस्य राष्ट्रांना रीतसर शिफारस केली. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत भेद आहे. मोफत साहित्य केवळ वाचता येते. मुक्त साहित्य जतन करता येते, वाटता येते, त्याचे भाषांतर करता येते आणि त्यात सुधारणाही करता येते. लेखकाचे नाव व हक्क कायम राहतात; वापराची परवानगी मात्र तो आगाऊ लिहून देतो. अशा परवान्यांचे नमुने क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने 2002 मध्ये उपलब्ध करून दिले.

हे साहित्य लिहावे कोणी? विद्वानांनी लिहावे, हे स्वाभाविक उत्तर. परंतु विद्यार्थ्यांकडूनच ते लिहवून घेण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. त्यांपैकी दोन उल्लेखनीय आहेत.

पहिला प्रयत्न पुण्याचा. 2011 मध्ये तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय, सिम्बायोसिसची अर्थशास्त्र शाखा इत्यादी ठिकाणी विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिण्याचे काम देण्यात आले. शेकडो विद्यार्थी एकाच वेळी लिहू लागले. मार्गदर्शक अपुरे होते आणि त्यांतील अनेक स्वतःच नवखे होते. अनेक लेखांत पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवलेला आढळला. तो काढून टाकण्यात स्वयंसेवकांची दमछाक झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो उपक्रम थांबवावा लागला. केवळ विद्यार्थ्यांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही. शालेय जीवनापासून ‘गाईड’मधील उत्तर उतरवण्यास ज्याला गुण मिळाले, त्याला स्वतःच्या शब्दांत लिहिणे कोणी शिकवलेलेच नव्हते.

दुसरा प्रयत्न आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चा. संगणक-प्रणाली शिकवणारे छोटे पाठ तेथे तयार होतात व मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होतात. त्यांची एक पद्धत मननीय आहे. पाठाची संहिता तो विषय न जाणणाऱ्या नवख्या व्यक्तीकडे तपासणीस जाते. त्याला जे समजले नाही, ते पुन्हा लिहिले जाते. येथे अज्ञान हा कमीपणा ठरत नाही. तीच परीक्षकाची पात्रता ठरते.

हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल फार मोठे आहे. 1 मे 1999 रोजी परभणीपासून विभक्त होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात मराठीबरोबरच लमाणी, उर्दू आणि हिंदीही बोलली जाते. महाविद्यालयाच्या एकाच बाकावर व्यापाऱ्याचा मुलगा, तांड्यावरची मुलगी, आंध आदिवासी कुटुंबातील युवक आणि हळद उत्पादकाची कन्या बसू शकते. ही विविधता अध्यापनातील अडचण मानली जाते. वास्तविक ती साधनसंपत्ती आहे.

वाणिज्य शाखेचेच उदाहरण घ्यावे. दुकानदाराच्या मुलाला रोजकीर्द आणि खतावणी घरातूनच ठाऊक असते. तो उधार विक्रीची नोंद सहज लिहून जाईल : ग्राहकाचे खाते नावे, विक्री खाते जमा. पण ज्या मुलीने दुकानाचा गल्ला आतून कधी पाहिलेला नाही, ती विचारील, ‘‘पैसे आलेच नाहीत, तर रक्कम जमा कशी?’’ या प्रश्नाने लिहिणाऱ्याला थांबावे लागेल. येथे जमा म्हणजे रोकड आली असे नव्हे. माल देणारे खाते जमा आणि घेणारे नावे, हे त्याला प्रथम स्वतःला समजून घ्यावे लागेल व मग मांडावे लागेल. अशा रीतीने सिद्ध झालेला दोन पानांचा पाठ उतरवलेल्या वीस पानांहून श्रेष्ठ होय.

विषयांची वाण नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ती शिजवण्यापासून पॉलिश करण्यापर्यंतची प्रक्रिया उत्पादकांच्या मुलांनीच लिहावी. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पास केंद्र शासनाने 2023 मध्ये मंजुरी दिली. त्यामागील विज्ञान सोप्या मराठीत व लमाणीत का येऊ नये?

पुण्याच्या अनुभवावरून पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतील. आरंभ पंधरा-वीस विद्यार्थ्यांपासून करावा. लेखक व तपासणारा भिन्न पार्श्वभूमीचे असावेत. प्राध्यापकांच्या तपासणीवाचून काहीही प्रसिद्ध करू नये, आणि प्रत्येक पाठावर विद्यार्थ्याचे नाव असावे.

समाजाने आजवर शाळांच्या इमारतींना, वसतिगृहांना सढळ हाताने साहाय्य केले आहे. भिंतीवरील शिलेवर दात्याचे नाव येते. अशा पाठावर ते येईल तांड्यावरील एखाद्या मुलीचे. तरीही या कार्याला आश्रय देणारा दाता अत्तिमब्बेच्याच परंपरेतील म्हणावा लागेल.