माळढोकाच्या अंगणातला मुक्काम

जैसलमेरला जाऊन आलेले तुमच्यापैकी बरेच जण असतील. किल्ला, हवेल्या आणि संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून फेरी, हा ठरलेला कार्यक्रम. मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या रात्रीबद्दल. आपण तिथं झोपतो कुठं, याबद्दल.

सम आणि आसपासचा मुलूख मरू राष्ट्रीय उद्यानाचा. ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेला. १९८० साली तो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत. आणि वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हा आपला समज तिथं पहिल्याच सकाळी गळून पडतो. खडकाळ माळ, केर आणि खेजडीची झाडं, मैलोन् मैल सेवण गवत. चिंकारा, वाळवंटी खोकड, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सांडा, हिवाळ्यात गिधाडांचे थवे.

या उद्यानातल्या सुदासरीला वनखात्याच्या साध्या झोपड्या आहेत. तिथं मी एक रात्र राहिलो. पहाटे कुंपणाच्या आतल्या गवतात एक मान वर आली. करडी, उभी, काठीसारखी स्थिर. वर काळी टोपी. माळढोकाची मादी होती. दहा मिनिटं ती चार पावलं चालली आणि थांबली, चालली आणि थांबली. राजस्थानात माळढोकाला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी. जगात आता दीडशेच्या आतच उरलेत आणि त्यातले बहुतेक याच भागात.

ही मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. आता दुसरं दृश्य सांगतो. आदल्या वर्षी मी तिथल्याच एका तंबूच्या मुक्कामी उतरलो होतो. रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपकावर नाचगाणी, नंतर जेवण. सकाळी तंबूंच्या मागं गेलो तर उरलेली बाटी, डाळ, भात उघड्यावर टाकलेला आणि त्यावर सात-आठ कुत्री. अशी पोसलेली कुत्री रात्री माळावर फिरतात. जमिनीवरचं अंडं शोधायला त्यांना वेळ लागत नाही.

माळढोकाचा सर्वांत मोठा काळ विजेच्या तारा आहेत, हे मी लपवणार नाही. त्याला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. त्या तारांवरून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात झगडा सुरू झाला. समच्या प्रजनन केंद्रात माळावरची अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. पण ती पिल्लं पुढं सोडायची कुठं? कुत्र्यांच्या माळावर?

हे मी सोलापूरच्या शेजारी बसून बोलतोय. इथल्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठीच अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसला तर ती बातमी होते.

म्हणून विनंती एवढीच. दिवाळीत जैसलमेरचं आरक्षण करताना खोलीचं भाडं विचाराल, तसंच उष्टं-खरकटं कुठं टाकता हेही विचारा. रात्री ध्वनिक्षेपक लावणार असतील तर तिथं उतरू नका. आणि गाडी वाटेवरून उतरवून गवतात घालायला चालकाला कधीही सांगू नका.