दंडातले बळ : लग्न ठरलेल्या मुलींशी चार शब्द
(संस्थेच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिका छापावयाची म्हणून कार्यकर्त्यांनी मला भाषणाचा विषय विचारला. मी म्हटले, "दंड." त्यांना वाटले, वर्गणी थकवणाऱ्यांना किती दंड करावा यावर मी बोलणार आहे! तसे काही नाही. वर्गणीचे काय ते खजिनदार पाहतील. मी बोलणार आहे ते खांद्यापासून कोपरापर्यंतच्या दंडाविषयी.

मी सत्तावीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. निवृत्त झाल्यावरही मुली घरी येतात. लग्न ठरले, की हमखास एक प्रश्न विचारतात, "बाई, ब्लाऊजच्या बाहीतून दंड जाड दिसतात. महिन्याभरात बारीक होतील असा काही व्यायाम सांगा." प्रश्न साधा आहे. पण या प्रश्नापायी मुली स्वतःचे काय करून घेतात, ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या सख्ख्या भाचीची गोष्ट सांगते. लग्नाला तीन आठवडे उरले असता तिने जेवण सोडले. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री एक फुलका. काटा खाली येत होता, म्हणून ती खूश होती आणि घरातलेही कौतुक करीत होते. मीही आधी काही बोलले नाही, ही माझी चूक. लग्नाच्या दिवशी पांढऱ्या साडीत ती सुंदर दिसत होती, यात शंका नाही. पण हार घालण्यासाठी तिने हात वर केले आणि तिला भोवळ आली. नवऱ्या मुलाने सावरले म्हणून बरे. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन आठच्या खाली! ज्या दंडांसाठी एवढे केले, ते दंड बारीक झाले होते खरे. पण त्यांत हार उचलण्याचेही बळ उरले नव्हते.

त्या दिवशी मी ठरवले, की या विषयावर लाजायचे नाही. जेथे चार मुली जमतील तेथे बोलायचे.

भगिनींनो, आधी दंड म्हणजे काय ते समजून घेऊ. दंडाच्या पुढच्या बाजूला एक स्नायू असतो, त्याला बायसेप्स म्हणतात. हात कोपरात वाकवला की तो फुगतो. मुले आरशासमोर दाखवतात तो हाच. मागच्या बाजूला ट्रायसेप्स असतो. हात सरळ करणे, ढकलणे ही त्याची कामे. दंडातील स्नायूंचा अर्ध्याहून मोठा वाटा या मागच्या स्नायूचा असतो.  हात आडवा धरला की मागचा भाग लोंबल्यासारखा दिसतो. स्नायूंच्या वर चरबीचा थर आणि त्यावर त्वचा, अशी ही रचना आहे.

आता पहिला गैरसमज. दंडाचा व्यायाम केला की दंडाचीच चरबी जळते, असे सर्वांना वाटते. तसे होत नाही. १९७१ साली अमेरिकेत टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहिले गेले. खेळाचा हात घेराने मोठा होता, कारण त्याचे स्नायू वाढलेले होते. पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच होता. वर्षानुवर्षे एकाच हाताने खेळूनही त्या हाताची चरबी वेगळी वितळली नाही. चरबी कमी होते ती सर्व अंगाची मिळून, आणि कोठून आधी कमी व्हावी हे आपण ठरवू शकत नाही. तेव्हा तेलाने चोळून चरबी वितळते, दंडाला प्लास्टिक गुंडाळून घाम काढला की तो बारीक होतो, या गोष्टींवर पैसा घालवू नका. घामाने जाते ते पाणी. दोन पेले पाणी प्यायले, की ते परत येते.

दुसरा गैरसमज उपासमारीचा. पोटाला मिळाले नाही, की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करते. म्हणजे जो स्नायू दंडाला आकार देतो, तोच आपण गमावतो आणि दंड अधिकच सैल दिसतो.

तिसरा गैरसमज, वजन उचलले तर मुलगी पुरुषासारखी दिसेल. स्नायू मोठे करणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात पुरुषापेक्षा अनेक पटींनी कमी असते. घरच्या घरी बाटल्या उचलून कोणी पहिलवान होत नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची वेटलिफ्टिंग स्पर्धा प्रथमच झाली आणि कर्णम मल्लेश्वरी यांनी त्यात कांस्यपदक आणले. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. २०२१ मध्ये टोकियोला मीराबाई चानू यांनी ४९ किलो वजनगटात ११५ किलो वजन डोक्यावर उचलून धरले आणि रौप्यपदक मिळवले. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! आणि त्या माउलीची उंची पाच फूटही नाही.

मग करावे काय? माझे सांगणे एवढेच, की तारीख ठरली त्याच दिवशी सुरुवात करा. तीन महिने हाताशी ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढलेले जाणवते, पण दिसत नाही. कारण त्या वेळी मेंदू व मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असतात. डोळ्यांना दिसेल असा फरक साधारण आठ ते बारा आठवड्यांनी येतो. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, अर्धा तास पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे.

यासाठी जिमची फी भरण्याची गरज नाही. एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यातच वाळू भरली, की सुमारे दीड किलो. झाले तुमचे डंबेल्स!

पहिला व्यायाम, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहा. तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा. अंग काठीसारखे सरळ ठेवून कोपर वाकवा, छाती भिंतीजवळ न्या आणि ढकलून मागे या. हे सोपे वाटू लागले की भिंतीऐवजी ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर हात टेकवून करा. शेवटी जमिनीवर, गुडघे टेकवून. दंडाच्या मागच्या स्नायूसाठी हा चांगला व्यायाम आहे.

दुसरा, एक बाटली दोन्ही हातांनी धरून डोक्यावर न्या. कोपर कानांजवळच ठेवून बाटली डोक्यामागे खाली आणा आणि पुन्हा वर सरळ करा. तिसरा, दोन्ही हातांत बाटल्या घेऊन कोपर कमरेला चिकटवा आणि बाटल्या खांद्याकडे उचला. खाली आणताना सोडून देऊ नका, सावकाश आणा. चौथा, खांद्याजवळून बाटल्या सरळ डोक्यावर ढकला. पाचवा, एक हात पलंगावर टेकवून पाठ सरळ ठेवून वाका आणि दुसऱ्या हाताने सामानाची पिशवी कमरेपर्यंत ओढा. यात पाठीलाही बळ येते आणि खांदे पुढे झुकत नाहीत. खांदे सरळ झाले, की निम्मे काम तेथेच होते. शेवटी वीस बैठका मारा. कारण शरीरातले मोठे स्नायू पायांत आहेत, त्यांना विसरून चालणार नाही.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, अशा दोन फेऱ्या करा. शेवटचे दोन वेळा जड गेले पाहिजेत, पण हात वेडावाकडा होता कामा नये. बारा वेळा सहज होऊ लागले, की वजन थोडे वाढवा. तेच वजन वर्षभर उचलत राहिले तर शरीरही तेथेच थांबते. उचलताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. रक्तदाब, हृदयविकार, जुनी दुखापत असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे. मात्र एकदम अति केल्यावर फार सूज आली किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर दवाखाना गाठा.

आणि लग्नाच्या आधीचे चार दिवस विश्रांती घ्या. त्या वेळी नवा व्यायाम काढलात, तर ऐन मांडवात हात वर होणार नाहीत. ब्लाऊजचे मापही आधीच देऊन मोकळ्या होऊ नका. दोन-तीन आठवडे राहिले असता पुन्हा घ्यायला सांगा.

आता जेवणाचे. स्नायू प्रथिनांनी बांधला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम आहे. पन्नास किलोच्या मुलीला म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत किंवा डाळीत सातेक ग्रॅम मिळतात. सुकट, बोंबील, मटकी, हरभरे हे आपले जुनेच अन्न आहे. डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज नाही. वजन खरोखरच जास्त असेल, तर साखर, तळण कमी करा आणि रोज चाला. आठवड्याला अर्धा किलो कमी झाले तरी पुष्कळ झाले.

त्याचबरोबर रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहात तुमच्या शेजारी बसलेली बहीण किंवा तुम्ही स्वतः, दोघींपैकी एक! हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या. जेवणावर लिंबू पिळा आणि जेवल्याबरोबर चहा पिऊ नका. अंगात रक्तच नसेल तर व्यायाम तरी कशाच्या जोरावर करणार?

माझ्याकडे गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीने हे तीन महिने नेमाने केले. दंडाच्या घेरात फरक पडला जेमतेम अर्ध्या इंचाचा. मी टेप तिच्यापुढे धरला आणि विचारले, "नाराज झालीस?" ती म्हणाली, "नाही बाई. काल भरलेला सिलिंडर मी एकटीने आत सरकवला. आणि आता दंड झाकावेसे वाटत नाहीत." घेर तेवढाच राहिला तरी दंड घट्ट होतो, खांदे सरळ होतात, चालण्यात फरक पडतो, हे ज्याला डोळे आहेत त्याला दिसते.

शेवटी मनातली एक गोष्ट सांगते. माझी आई बांधकामावर घमेली वाहत असे. तिचे दंड पिळदार होते. माझ्या लग्नात एक बाई तिला पाहून म्हणाली, "हमालासारखे हात आहेत." आईने पदर ओढून दंड झाकले आणि दिवसभर तसाच धरून ठेवला. मी ते पाहिले आणि मलाही तिच्या दंडांची लाज वाटली, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. त्या दंडांनी विटा वाहिल्या, म्हणून मी शिकले आणि शिक्षिका झाले. झाकावयाचे होते ते त्या बाईचे तोंड, माझ्या आईचे दंड नव्हेत!

तेव्हा मुलींनो, दंड सुंदर दिसावेत असे वाटण्यात काही गैर नाही. लग्न एकदा होते, हौस जरूर करा. पण जेव्हा आरशासमोर उभ्या राहाल, तेव्हा 'किती बारीक झाले' असे विचारू नका. 'किती बळकट झाले' असे विचारा. लग्नाचा दिवस एक असतो. पुढे भरलेली बादली उचलायची आहे, आठ-नऊ किलोचे वर्षाचे लेकरू कडेवर घ्यायचे आहे, उतारवयात हाडे शाबूत राखायची आहेत. त्या सर्वांना दंडातले बळ लागते. आणि येथे बसलेल्या मुलांनाही सांगते, मुलगी पाहायला जाल तेव्हा तिच्या दंडाची जाडी मोजू नका. घरी आल्यावर सिलिंडर मात्र दोघे मिळून उचला.