उंचीवरचा श्वास
(सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम् येथे दिलेले व्याख्यान)



शार्ङ्गपाणीच्या या नगरीत १०८ दिव्यदेशांचा महिमा मी सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांपैकी नेपाळातील मुक्तिनाथ सुमारे पावणेचार हजार मीटर उंचीवर आहे. आपले कुंभकोणम् समुद्रसपाटीपासून जेमतेम पंचवीस मीटर. त्या यात्रेची आस बाळगणारी वडीलधारी मंडळी आपल्या घरोघरी आहेत, म्हणून आज हा विषय निवडला.

उंचावर हवेत प्राणवायूच विरळ असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे प्रमाण तेथेही शेकडा एकवीसच असते. घटतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरांवर तो निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने उणावतो.

ही उणीव शरीर टप्प्याटप्प्याने भरून काढते. प्रथम श्वास खोल व जलद होतो, नाडी वाढते. परंतु त्यामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्ताचा आम्ल-अल्क तोल ढळतो, आणि मेंदू श्वासाला लगाम घालू पाहतो. पुढील काही दिवसांत मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून तो तोल सावरतात. मग श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. मूत्रपिंडांतूनच एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते व अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढविते. पण या कामाला आठवडे लागतात. पेशींना प्राणवायूची उणीव कळते कशी, हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीराचे हे वेळापत्रक धुडकावले की संकट ओढवते. १९६२च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईने हिमालयात धाडावे लागले. त्या काळातील १,९२५ आजारी जवानांचा अभ्यास इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हे सारे धडधाकट सैनिक होते. तारुण्य आणि बळ हे येथे कवच ठरत नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट सर केले. अशा मोहिमेत दिवसा वर चढावे, रात्री खाली येऊन झोपावे, असे करीत आठवडे घालवावे लागतात.

आपली यात्रा मात्र किती घाईची! पोखरा आठशे मीटरांवर. विमानाने जोमसोम, म्हणजे २,७०० मीटर. आणि जीपने त्याच दिवशी मुक्तिनाथ. यास्तव जोमसोमला मुक्काम करावा. तीन हजार मीटरांपुढे झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये. हृदयाचा, फुफ्फुसांचा विकार वा पंडुरोग असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ॲसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर घडवून आणते. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही पहिली सूचना होय, तेथेच थांबावे. बसल्याजागी धाप लागणे, फेसाळ कफ, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता, ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी रुग्णाला खाली न्यावे. फुफ्फुसांत अथवा मेंदूत पाणी साठत असल्याची ती खूण असते, आणि उशीर प्राणावर बेततो.

आपली ज्येष्ठ मंडळी सोशिक. आपल्यामुळे इतरांचे दर्शन चुकू नये म्हणून ती दुखणे गिळतात. तेव्हा बरोबरच्या तरुणांनीच त्यांना सकाळ-संध्याकाळ विचारावे, चार पावले सरळ चालवून पाहावे. दर्शन पुढील वर्षीही घडू शकेल. वेळीच मागे फिरणाऱ्यास कोणी भक्तीत उणा म्हणू नये.