पोरी हरल्या, की जमीन बदलली?

बायांनो, चुली आटोपल्या असतील, नसतील तर हात चालू ठेवून ऐका. आज बचतीचं नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज आपण बोलणार आहोत खेळाच्या जमिनीबद्दल. विषय नवा वाटेल, पण यात आपल्याच लेकी आहेत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या पोरी कबड्डी खेळायला जिल्ह्याच्या गावाला गेल्या होत्या. गावात त्यांना हरवणारं कोणी नव्हतं. तिथं मात्र पहिल्याच सामन्यात बाहेर. आमच्या गटातल्या एका ताईची लेक चढाईला गेली, परत फिरताना तोल गेला आणि गुडघा धरूनच बसली. गावात आल्यावर पारावर बोलणं सुरू झालं, "पोरींमध्ये दमच नाही." ती ताई तर बैठकीत म्हणाली, "पुरे झाला आता खेळ. गुडघा गेला तर पुढं कोण पाहील तिला?"

आम्ही पोरींना जवळ बसवून विचारलं, नेमकं झालं काय? त्या म्हणाल्या, "काकू, तिथं माती नव्हती. मॅट होती."

तिथून आमच्या ध्यानात आलं. आपली जमीन काळी. मैदानात पाय टाकला की तो थोडा घसरतो. पोरी अनवाणी खेळतात, त्या घसरण्यातच वळायला शिकतात. मॅटवर बूट घालावे लागतात आणि बूट मॅटला घट्ट धरतो. पाय जागीच थांबतो, अंग मात्र पुढं जातं. मधला पीळ बसतो तो गुडघ्याला. त्यात आमच्या अर्ध्या पोरींच्या पायात उसने बूट, एखाद्या नंबरानं मोठे. पोरी तयार नव्हत्या हे खरं, पण दम नव्हता हे खोटं.

हे फक्त आपलंच होतं असं नाही. टेनिस टीव्हीवर पाहिलं असेल. तो एकच खेळ तीन तऱ्हेच्या जमिनीवर खेळतात. पॅरिसला विटांचा लाल चुरा पसरलेला असतो. त्यावर चेंडू टप्पा घेतला की मंदावतो आणि उंच उडतो. खेळाडू घसरत जाऊन चेंडू गाठतो, खेळ लांबतो. लंडनमध्ये विम्बल्डनला हिरवळ असते, 8 मिलिमीटर उंचीची. तिथं चेंडू सरपटत, खाली राहून येतो, विचार करायला वेळच मिळत नाही. तिसरी जमीन पक्की, रंग दिलेली, आपल्या पुण्याच्या बालेवाडीत आहे तशी. तिथला वेग या दोन्हींच्या मधला, पण गुडघ्यांना ती कठीण.

आता बघा. स्पेनचा नदाल लाल मातीत वाढला. त्यानं पॅरिसची स्पर्धा 14 वेळा जिंकली, विम्बल्डन मात्र 2 वेळा. फेडरर विम्बल्डन 8 वेळा जिंकला, पॅरिसला एकदाच. 2007 साली या दोघांचा एक गमतीचा सामना झाला. अर्धं मैदान गवताचं, अर्धं लाल मातीचं. बाजू बदलली की दोघंही बूट बदलायचे! एवढ्या मोठ्या खेळाडूंना जमिनीप्रमाणे बूट लागतात, मग आपल्या पोरींना उसन्या बुटांवर कसं जमावं?

आपल्या मातीतलं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान, लाल मातीत घडलेले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांच्या सवयीची नव्हती, तरी सहावे आले. मग गादीवरची कुस्ती समजून घेतली आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माणूस तोच होता, तयारी वाढली होती.

मग आम्ही काय केलं? बैठकीत बुटांचा विषय काढला, तर एक मावशी उठून म्हणाल्या, "गटाचा पैसा बियाण्यासाठी आहे, बुटांसाठी नाही." त्यांचं चूक नव्हतं. बचतीला हात लावायचा नाही असंच ठरलं. उन्हाळ्यात आम्ही पापड-कुरडया करून विकल्या, त्यातून सात जोड बूट आले. प्रत्येक पोरीचा पाय मोजून आणले.

दुसरं काम मैदानाचं. काळी माती पावसात फुगते, पायाला चिकटते. उन्हात भेगाळते, ढेकळं पडतात, आणि त्यावर पकड करताना कोपरं सोलून निघतात. शाळेला विचारून आम्ही 12 मीटर बाय 8 मीटर जागा आखली. वरची काळी माती काढली, मुरूम टाकला, वर चाळलेली बारीक माती पसरली, पाणी शिंपडून रूळ फिरवला. खडे वेचायला आमच्या सासवासुद्धा आल्या.

तिसरं, तालुक्याच्या संकुलात मॅट आहे. तिथं अर्ज देऊन आठवड्यातून एक दिवस मागून घेतला. पोरी तिथं आधी फक्त वळायला शिकल्या. लहान पावलं टाकायची, गुडघा थोडा वाकवून ठेवायचा, मग वेग घ्यायचा.

त्या ताईची लेक दोन महिने बसून होती. डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मैदानात आली. पहिल्या दिवशी तिची आई कडेला उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. लेक चढाईला गेली, मॅटवर वळली आणि मध्यरेषा ओलांडून परत आली. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र डबा घेऊन स्वतःच आली.

यंदा आम्ही जिंकू की नाही, ठाऊक नाही. पण बायांनो, तुमच्या गावच्या पोरी खेळायला निघाल्या की आधी एवढं विचारा, सामना मातीवर की मॅटवर? पायात काय घालायचं? आणि हरून आल्या तर दमाचं नंतर बोला, आधी विचारा, "बाई, जमीन कशी होती?"

येतो आम्ही. नमस्कार.