अंधारातला दूरध्वनी



कालवैशाखीचे वादळ हा हावड्याच्या उन्हाळ्याचा नित्याचा पाहुणा आहे. चैत्र-वैशाखातल्या एखाद्या सायंकाळी वायव्येकडून काळा ढग उठतो, हुगळीच्या पात्रावर लाटा उसळतात आणि पाहता पाहता शिवपूर-सलकियाच्या गल्ल्या अंधारात बुडून जातात. या अंधाराशी येथील गृहस्थाचा परिचय जुना आहे. मात्र अलीकडे दिव्याबरोबर त्याचा घरचा दूरध्वनीही मुका होऊ लागला आहे. पूर्वी असे होत नसे. आता ते का होते आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार आज आपण करू.

नदीपलीकडे कलकत्त्यात १८८२ साली दूरध्वनीचे केंद्र उघडले. त्या आरंभीच्या काळी बोलण्यासाठी लागणारी वीज यंत्राच्या पेटीतील घटांतूनच मिळे. पुढे ही व्यवस्था बदलली. केंद्रात ४८ व्होल्टची मोठी बॅटरी बसविण्यात आली आणि तांब्याच्या ज्या दोन तारांवरून शब्द येत, त्यांवरूनच यंत्राला वीजही मिळू लागली. घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी बोलत राही, याचे मर्म हेच होते. घराचा अंधार केंद्राच्या बॅटरीपर्यंत पोहोचत नसे.

आता तांब्याच्या जागी काचेचा तंतू आला आहे. तो प्रकाशाच्या स्पंदनांतून शब्द, चित्रे आणि ग्रंथालयेच्या ग्रंथालये क्षणात आणून देतो. परंतु वीज वाहून आणणे त्याच्या स्वभावातच नाही. प्रकाशाचे पुन्हा शब्दांत रूपांतर करणारी पेटी आपल्या भिंतीवर असते आणि तिला आपल्याच घरची वीज लागते. म्हणजे जी जबाबदारी केंद्राने अनेक दशके सांभाळली, ती कोणताही गाजावाजा न होता पुन्हा गृहस्थाच्या माथी आली आहे. पुष्कळांना या हस्तांतराची वार्ताही नाही.

त्याची किंमत काय असते, हे २० मे २०२० रोजी आलेल्या अंफान चक्रीवादळाने दाखविले. हावडा-कलकत्त्यात असंख्य झाडे उन्मळून पडली, तारा तुटल्या आणि अनेक वस्त्यांना कित्येक दिवस वीज मिळाली नाही. मोबाईलच्या मनोऱ्यांचीही तीच दशा झाली. टाळेबंदीमुळे कोणी कोणाच्या दारी जाऊ शकत नव्हते, अशा वेळी दूरच्या आप्तांना ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे चार शब्द कळविणेही दुष्कर झाले. पुरते दोन आठवडे लोटतात न लोटतात तोच, ३ जूनला, निसर्ग वादळाने अलिबाग, श्रीवर्धन, दापोलीकडील कोकणवासीयांवरही हाच प्रसंग आणला.

नित्याच्या दोन-चार तासांच्या अंधारावरील उपाय मात्र अगदी सोपा आहे. भिंतीवरची ही पेटी बहुधा १२ व्होल्टवर चालते आणि तिला सुमारे १२ वॅट, म्हणजे एका लहान दिव्याइतकीच वीज पुरते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत ८४ वॅट-तासांचा साठा असतो. हिशोबाने तो सात तास पुरावा. गळतीची वजावट केली तरी पाचेक तास निर्धास्त जातात. राउटरसाठीच बनविलेले छोटे यूपीएस बाजारात मिळतात. घेताना व्होल्टचा आकडा आणि पिनेचा आकार पेटीशी ताडून पाहावा. घरी इन्व्हर्टर असेल, तर पंख्याबरोबर या पेटीचा प्लगही त्याच्या जोडणीवर घेतला आहे की नाही, हे तपासावे.

एक गोष्ट विसरू नये. कित्येक इमारतींत जिन्यात किंवा गच्चीवर केबलवाल्याची आणखी एक पेटी असते आणि तीही विजेवर चालते. ती निमाली की घरची बॅटरी व्यर्थ ठरते. म्हणून एखाद्या शांत दिवशी, पेटी बॅटरीवर ठेवून, मुख्य कळ बंद करून पाहावी. घरचा दूरध्वनी लागला तरी जिन्यातल्या पेटीची परीक्षा अजून बाकीच आहे. ती सबंध इमारतीची वीज जाईल तेव्हाच होईल. ती पेटी बंद पडत असल्यास शेजाऱ्यांनी मिळून तिच्यासाठीही बॅटरी बसवून घ्यावी.

तरीही मोठ्या वादळात तंतूच तुटला, तर कोणतीही बॅटरी कामास येत नाही. त्यासाठी महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत आणि घडीच्या सेलवर चालणारा एक लहान रेडिओ घरात असावा.

जिच्या घरी मुले परगावी आहेत, अशा एखाद्या वृद्ध मातेला या बॅटरीचे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपण जाणून घ्यावे आणि पुढचे वादळ येण्यापूर्वी तिच्या घरी ती बसवून द्यावी. काळोखात घंटा वाजावी आणि पलीकडून ओळखीचा आवाज यावा, याहून मोठा धीर दुसरा नाही.