रूबीची शाळा

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आधी लोकांची मने बदलावीत आणि मग कायदा करावा, असे पुष्कळ विद्वान सांगतात. ऐकायला हे बरे वाटते. परंतु अमेरिकेतील शाळांची हकीकत काही वेगळेच सांगते.

गोऱ्या व काळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकावे काय, असा प्रश्न 1942 साली तेथील गोऱ्यांना विचारण्यात आला. जेमतेम एकतृतीयांश लोक ‘होय’ म्हणाले. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दक्षिणेकडची मने तेव्हा मुळीच तयार नव्हती.

14 नोव्हेंबर 1960 रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत निघाली. सोबत आई आणि बंदोबस्ताला केंद्र सरकारचे चार मार्शल. बाहेर शिव्या देणारा जमाव. तिला तेथे पाठवायला वडील कचरत होते. आईने हट्ट धरला होता. पुढे वडिलांची नोकरी गेली. गोऱ्या पालकांनी भराभर मुले काढून नेली, आणि बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर एकट्या रूबीला शिकवले. पुढे कधीतरी एक गोरा मुलगा तिला म्हणाला, की तुझ्याशी खेळू नको असे आईने सांगितले आहे. पालकहो, त्या मुलाला हे शाळेने शिकवले नव्हते.

1995 साली तोच प्रश्न विचारला, तेव्हा 96 टक्के गोऱ्यांनी ‘होय’ म्हटले. कायद्याच्या मागून मन चालत आले, पण त्याला चाळीस वर्षे लागली. आणि तेही तोंडी उत्तर! दक्षिणेला नावे ठेवणाऱ्या उत्तरेतल्या त्याच बोस्टनमध्ये 1974 साली काळ्या मुलांना गोऱ्यांच्या वस्तीतील शाळेत नेणाऱ्या बसगाड्यांवर दगड पडले. तत्त्वाला मान डोलावणे सोपे असते. आपल्या मुलाच्या बाकावर कोण बसणार, हे ठरवताना खरी परीक्षा होते.

दुसऱ्या वर्षी रूबी शाळेत गेली, तेव्हा दाराशी जमाव नव्हता आणि मार्शलही नव्हते. वर्गात इतर मुले बसली होती. बार्बरा हेन्री मात्र आता त्या शाळेत नव्हत्या.